हाउजीच्या तिकिटावर चालणारा क्लब

(दृश्य: कापणी झालेलं शेत. मुलं बांबू पुरताहेत.)

गोव्यातला डिचोली तालुका. भातकापणी उरकली की या शेतात बांबूचे गोलपोस्ट उभे राहतात. मालकाची परवानगी तोंडीच. पुढच्या पावसापर्यंत गावच्या क्लबचं सरावाचं मैदान हेच. क्लब गोवा फुटबॉल संघटनेच्या तृतीय विभागात खेळतो. त्याच्या वर द्वितीय, मग प्रथम, आणि सगळ्यांत वर प्रो लीग.

(दृश्य: रात्र. ट्यूबलाइटी, प्लास्टिकच्या खुर्च्या, हातात पेनं.)

आज इथे हाउजी आहे, म्हणजे पुकारलेले आकडे तिकिटावर खोडत जायचा बक्षिसांचा खेळ. माईकवर आकडे पुकारतोय तो क्लबचा गोलरक्षक. जिंकलेली तिकिटं तपासणारे दोघे बचावफळीतले. पहिली ओळ, मधली ओळ, शेवटची ओळ, मग फुल हाउस.

ही एक रात्र उभी करायला खूप आधीपासून धावपळ असते. पंचायतीचा ना हरकत दाखला, पोलिसांची परवानगी, ध्वनिक्षेपकाची वेगळी. रात्री दहाला माईक बंद करावाच लागतो, म्हणून शेवटचा खेळ घाईने उरकतात. शेजारच्या गावात जत्रा किंवा नाटक असेल, तर तारीख पुढे ढकलायची. तिकिटांचे गठ्ठे खेळाडूंनीच घरोघर, दुकानोदुकानी, बसस्टँडवर विकायचे. ज्याचा गठ्ठा उरतो त्याला कुणी बोलत नाही, पण विंगर असो की स्ट्रायकर, रविवारी पुन्हा तोच दारोदार फिरतो. जमलेल्या पैशाचा मोठा वाटा बक्षिसांत जातो. मंडप, वीज, छपाई वजा करून जे उरतं, ते क्लबचं.

(दृश्य: भज्यांची कढई.)

या खेळाडूंच्या आया, काकी, वहिनी. स्टॉलचा नफाही क्लबच्या खात्यात. अख्खं गाव एका संघासाठी राबतं, आणि हे दरवर्षी होतं.

(दृश्य: सचिवांची वही.)

पैसे कुठे जातात, ते या वहीत आहे. लीगचं प्रवेश शुल्क, खेळाडूंची नोंदणी, दोन रंगांच्या जर्सी, चेंडू, मिनीबस, बर्फ, क्रेप बँडेज. पगाराचा रकाना नाही. सामने बहुधा दुपारी चारच्या सुमारास असतात, त्यामुळे नोकरीवरच्या खेळाडूला अर्ध्या दिवसाची रजा टाकावी लागते. त्या रजेचे पैसे वहीत येत नाहीत. खरं तर क्लबचा सगळ्यांत मोठा देणगीदार खेळाडूच आहे. लीगच्या सामन्याला तिकीट नसतं. गावोगावच्या स्पर्धांना मैदानाभोवती ताडपत्री लावून, तिकीट काढून गर्दी होते. तिथलं उत्पन्न लीगचा हंगाम ओढून नेतं.

(दृश्य: बंद खाण. गवतात उभे ट्रक.)

पूर्वी अशी वणवण नव्हती. खनिज वाहणारे ट्रकमालक गावातलेच. एक जण जर्सी द्यायचा, दुसरा सामन्याच्या दिवशी गाडी. सप्टेंबर २०१२ मध्ये खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ मध्ये परत बंद पडल्या. वर, मोठ्या फुटबॉलमध्येही खाणींचाच पैसा होता: धेंपो, साळगावकर, सेझा या खाण-उद्योगांचे संघ. २००७-०८ पासून सलग सहा वेळा आय-लीग, म्हणजे देशातली तेव्हाची अव्वल लीग, गोव्यात आली: धेंपोने तीनदा, चर्चिल ब्रदर्सने दोनदा, साळगावकरने एकदा. फ्रँचायझी संघांच्या नव्या इंडियन सुपर लीगला आय-लीगच्या वरचं स्थान देण्याच्या आराखड्याला विरोध करत २०१६ मध्ये धेंपो, साळगावकर आणि स्पोर्टिंग क्लब द गोवा आय-लीगमधून बाहेर पडले. गावातल्या पोराला चढायच्या पायऱ्या तिथे कमी झाल्या.

(दृश्य: क्लबच्या खोलीत भिंतीवरचे फोटो.)

ही इथून वरच्या संघांत गेलेली मुलं. खेळाडू एका देशातून दुसऱ्या देशाच्या क्लबमध्ये विकला गेला, तर फिफाच्या नियमाने त्या रकमेतले पाच टक्के त्याला १२ ते २३ या वयात घडवणाऱ्या क्लबांमध्ये वाटले जातात. या मुलांना वर नेताना कुणी रक्कम मोजलेली नाही, आणि शून्याचे पाच टक्के शून्यच. मुलगा वर गेल्याचा गावाला अभिमान आहे. पण त्याला दहाव्या वर्षापासून बूट कुणी दिले, हे कागदावर कुठेच नाही.

यंदा क्लबने लहान मुलांचा संघ उतरवला नाही. मिनीबस परवडली नाही.

(दृश्य: सराव. प्रशिक्षक शिट्टी वाजवताहेत.)

या क्लबला कुणाचं दान नको आहे. वरच्या विभागातला क्लब खालच्या क्लबचा मुलगा घेतो, तेव्हा एक ठरलेली रक्कम खालच्या क्लबला मिळायला हवी, आणि ती नोंदणीच्या वेळीच, संघटनेमार्फत. पैसे जमा झाल्याशिवाय नोंदणी पूर्ण होऊ नये. वरच्या क्लबांना ती रक्कम जड नाही. इथे तेवढ्यात लहान मुलांच्या संघाची मिनीबस सुटते.