फोटोतलं काळं कुंकू

नमस्कार श्रोतेहो.

आमच्या माजघरात पणजीचा एक फोटो आहे. लहानपणी मला त्याची भीतीच वाटायची, कारण तिच्या कपाळावरचं कुंकू काळंकुट्ट. आजीला विचारलं की ती म्हणायची, "अगो, तांबडंच होतं ते. फोटोवाल्यानं काळं केलंन."

फोटोवाला बिचारा निर्दोष. त्या काळी फोटो रसायन लावलेल्या काचेवर घेत, आणि त्या काचेला तांबडा रंग दिसतच नसे. १८५१ साली ओल्या कलोडियनची, म्हणजे काचेवरचं रसायन ओलं असतानाच फोटो घ्यायची रीत आली, त्या काचेला निळं तेवढं नीट दिसे. पुढच्या कोरड्या काचांना हळूहळू हिरवं-पिवळंही दिसू लागलं, पण तांबड्याला त्याही आंधळ्याच. त्यामुळे कुंकू काळं, लाल लुगडं काळं. ओल्या काचेवर तर पिवळंधमक सोनंसुद्धा मळकट उमटायचं. म्हणजे बाईनं हौसेनं ल्यायलेलं नेमकं तेच कॅमेऱ्याला दिसेना!

पण बायका काही गप्प बसल्या नाहीत. पणजीचा डावा हात बघा, टेबलावर असा ठेवलाय की पाटल्या-बांगड्या मोजून घ्याव्यात. उजव्या हातात पुस्तक. तिला अक्षरओळख नव्हती. आगबोटीनं मुंबईला गेली, तेव्हा गिरगावातल्या स्टुडिओत काढलेला हा फोटो. पुस्तक स्टुडिओचं आणि नथ शेजारणीची. म्हणून तो खोटा का? मला नाही तसं वाटत. आपण कोण दिसावं, हे त्या दोन मिनिटांपुरतं तिनं ठरवलं. घरी कोण विचारत होतं तिला?

अलिबागला गोपाळराव पोस्टात असताना तिथं धडे गिरवणाऱ्या आनंदीबाई जोशी आठवा. १० ऑक्टोबर १८८५ला फिलाडेल्फियात त्यांचा फोटो निघाला, सोबत जपानच्या केई ओकामी आणि सिरियाच्या सबात इस्लांबुली. तिघी वैद्यकीच्या विद्यार्थिनी, पण तिघी आपापल्या देशच्या पोशाखात. आनंदीबाई साडीत. परक्या मुलखात साडी नेसून कॅमेऱ्यासमोर बसणं म्हणजे न बोलता बरंच काही बोलणं होतं. पणजीनं उसन्या नथीतून जे साधलं, तेच त्यांनी साडीतून साधलं, असं आपलं मला वाटतं.

परवा पुतण्यानं पणजीचा फोटो मोबाइलवर रंगीत केला. लुगडं निळं झालं, पाटल्या पिवळ्या. कुंकू मात्र काळंच. विचारलं तर म्हणाला, "काकू, ती टिकली आहे ना?"