सेनियोचा बांध

(दृश्य : बांधाच्या वरून, ड्रोन)

उत्तर इटलीतली ही सेनियो नदी. नदी कसली, आपल्याकडे हिला ओढाच म्हणतील. पात्र जेमतेम १५ फूट, पाणी चार-पाच फूट. पण पाण्याकडे नका बघू, बांध बघा. दोन्ही काठांना ३० ते ३५ फूट उंच, छातीवर येणारे मातीचे बांध. अपेनाइन डोंगरातून उतरणाऱ्या या नद्या पूर आला की सपाटीवरचा सगळा मुलूख बुडवतात, म्हणून इथल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या हे बांध चढवत नेले. तरी मे २०२३च्या पुरात सेनियोने ते फोडलेच.

एप्रिल १९४५मध्ये, दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, या बांधांच्या पोटात जर्मन सैन्य बसलं होतं.

(दृश्य : बांधाचा आतला उतार, जवळून)

घुशींनी शेताचा बांध पोखरावा, तसे दोन्ही बांध त्यांनी आतून पोखरले होते. झोपायच्या जागा, मशीनगनची ठाणी आणि पूर्वेच्या बांधावर, ठाण्यांच्या वरच्या अंगाला, सुरुंगांचा पट्टा. खरी मेख इथेच होती. पूर्वेच्या बांधाच्या बाहेरच्या बाजूला आपली फौज, आणि त्याच बांधाच्या नदीकडच्या बाजूला जर्मन. मध्ये फक्त माती. आपली म्हणायचं, तर झेंडा ब्रिटिशांचा होता. माणसं मात्र कोकणातली, देशावरची, पंजाबातली, सरहद्द प्रांतातली. ही आठवी भारतीय डिव्हिजन.

(दृश्य : जुनी चित्रफीत, तोफा आणि विमानं)

तारीख ९ एप्रिल. दुपारी ८२५ अवजड बॉम्बर विमानांनी नदीमागचा पट्टा भाजून काढला. मग ३ वाजून २० मिनिटांपासून तोफा. अर्धा तास मारा, मग थांबायचं. थांबलं की लढाऊ विमानं येणार. पुन्हा अर्धा तास मारा. असं पाच वेळा. प्रत्येक वेळी जर्मनांना वाटायचं, आता पायदळ येणार, आणि पायदळ यायचं नाही. सात वाजून गेल्यावर विमानं पुन्हा झेपावली, पण या खेपेला त्यांनी काहीच टाकलं नाही. नुसतीच हूल. जर्मन डोकी खाली घालून बसले आणि तेवढ्यात पायदळ उठलं.

(दृश्य : बांधाचा माथा, मग पाणी)

लुगो गावाजवळच्या पट्ट्यात मराठा पलटण होती. बेत असा, की एका कंपनीने पूर्वेचा बांध घ्यायचा आणि तीन मिनिटांनी दुसरीने तिच्यातून पुढे जाऊन, पाणी ओलांडून पश्चिमेचा. दुसऱ्या कंपनीच्या कमांडरबरोबर होता त्याचा रनर, म्हणजे निरोप्या, शिपाई नामदेव जाधव. अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या निमजचा, वय २३.

पाण्यातून पश्चिम काठाला लागतात न लागतात तोच मारा सुरू झाला, आणि तोही पाठीमागून. पूर्वेच्या बांधाच्या आतल्या उतारावरची निदान तीन ठाणी जिवंत राहिली होती. कमांडर आणि दोघे जखमी, बाकीचे जागीच ठार. धडधाकट उरला एकटा नामदेव.

(दृश्य : कॅमेरा पाण्यातून बांधावर चढतो)

एका जखमीला त्याने उचललं. कमरेच्या वर पाणी, पुढे हा उभा चढ, चढावर सुरुंग. त्याला बांधापलीकडे सुखरूप ठेवलं आणि दुसऱ्यासाठी परत आला. दोन्ही खेपांना उखळी तोफा आणि मशीनगन चालूच. तिसऱ्यांदा आला तो ठाण्यांवरच. पहिलं टॉमी गनने गप्प केलं. त्यात हाताला जखम झाली, बंदूक चालेना, ती फेकून दिली आणि हातगोळे घेतले. गोळे संपले तेव्हा सरपटत बांधाच्या माथ्यावर गेला, पलीकडच्या साथीदारांकडून आणखी घेतले आणि उरलेली दोन ठाणीही उडवली. मग माथ्यावर उभा राहून उरलेल्या कंपन्यांना हात करून बोलावू लागला. या कामगिरीबद्दल त्याला व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं. त्याच्या मानपत्रात लिहिलंय, की तो तेव्हा मराठ्यांची रणगर्जना देत होता. ती कोणती, हे आपल्याला कुणी सांगायला नको.

(दृश्य : माणगाव, पुतळा)

इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवणारा हा पहिला मराठा शिपाई नव्हे. नऊ महिने आधी, १० जुलै १९४४ला, टायबरच्या वरच्या खोऱ्यात माणगाव तालुक्यातले नाईक यशवंत घाडगे एका मशीनगनवर एकटेच चालून गेले होते. ते तिथेच पडले. त्यांची गोष्ट वेगळी सांगावी लागेल.

(दृश्य : नकाशा)

सेनियो ओलांडली. ११ तारखेच्या पहाटे फौजा पुढच्या सान्तेर्नो नदीवर, २१ला बोलोन्या पडलं, २९ला कासेर्तात शरणागतीवर सह्या झाल्या आणि २ मेला इटलीतलं युद्ध संपलं.

(दृश्य : फोर्ली, भारतीय सैनिकांचं स्मारक)

९ एप्रिलच्याच संध्याकाळी सेनियोवरच, फुसिन्यानोजवळ, आणखी एक व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. शिपाई अली हैदर, फ्रंटियर फोर्स रायफल्स. डावीकडच्या प्लटूनमधल्या त्याच्या सेक्शनमधून, म्हणजे छोट्या तुकडीतून, त्याच्यासह तिघंच पाणी पार करू शकले होते. एकाच दिवशी, एकाच डिव्हिजनमध्ये, एकाच नदीवर लढलेले हे दोघे. पुढे फाळणी झाली आणि अली हैदरचं गाव पाकिस्तानात गेलं. नामदेव जाधव हवालदार झाले. २ ऑगस्ट १९८४ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं.