मामांची शब्दकोडी आणि नवा संगणक

श्रोतेहो, नमस्कार.

घरातला जुना संगणक बदलायचं ठरलं की पहिला प्रश्न येतो, विंडोज घ्यावं, मॅक घ्यावा की लिनक्स? हल्ली हा प्रश्न जास्त ऐकू येतो, कारण १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० ची मुदत संपली. ज्यांनी वाढीव मुदतीसाठी नाव नोंदवलं, त्यांना १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळतात, बाकीच्यांना नाही. मुदत संपली म्हणून संगणक बंद पडत नाही. तो सुरू होतो, टाइप करू देतो, छापतो. पण त्यात नवी भोकं सापडली तर ती बुजवायला कुणी नाही. ज्या यंत्रावरून पैशांचे व्यवहार होतात, ते यंत्र अशा अवस्थेत ठेवू नये.

मग त्याच यंत्रावर विंडोज ११ का घालू नये? घालता येतं, पण त्यासाठी टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, आणि इंटेल कंपनीचा प्रोसेसर, म्हणजे मुख्य चिप, असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा, म्हणजे २०१७ च्या शेवटी शेवटी आलेला किंवा त्यानंतरचा हवा. या अटीमुळे कितीतरी धडधाकट यंत्रं बाहेर राहिली. मला हे मुळीच पटलेलं नाही. चालतं यंत्र केवळ यादीत नाव नाही म्हणून भंगारात जावं, यात कुणाचं भलं आहे? पण तो विषय वेगळा, पुन्हा कधीतरी बोलू.

आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे विंडोज, मॅक की लिनक्स, ही सगळ्यात शेवटी निवडायची. आधी कागद घ्यायचा आणि आपण संगणकावर काय काय करतो ते लिहायचं. पुन्हा सांगते, आधी कामं लिहायची, सिस्टिम नंतर. आणि हे मी का म्हणते, त्यासाठी माझ्या मामांची हकिकत ऐका.

माझे मामा शब्दकोडी रचतात. आडवे शब्द, उभे शब्द, काळे चौकोन, सगळं जातीनं. एका छोट्या मासिकात ती छापून येतात. त्यांचा संगणक विंडोज एक्सपीचा. एक्सपीची मुदत ८ एप्रिल २०१४ लाच संपली होती, पण मामांचं काही अडलं नाही, कारण ते यंत्र इंटरनेटला कधी जोडलेलंच नव्हतं. कोडं तयार झालं की छापायचं आणि पाकिटातून पाठवायचं. मग एकदा संपादकांचा निरोप आला, यापुढे मजकूर ई-मेलनं पाठवा, आणि युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर सारख्याच दिसणाऱ्या अक्षरसंकेतात पाठवा. त्याच सुमारास संगणकही कुरकुरायला लागला. कधी सुरू व्हायचा, कधी नाही.

मग घरात बैठक बसली. मामेभाऊ म्हणाला, "बाबा, लिनक्स घाला. मोफत आहे, हलकं आहे." मामेबहीण म्हणाली, "मॅक घ्या, मग वर्षानुवर्षं बघायला नको." जावई म्हणाले, "अहो, सगळे विंडोज वापरतात, काही अडलं तर कुणालाही विचारता येतं." तिघांच्याही बोलण्यात तथ्य होतं. मामा मधूनमधून विचारत होते, "पण माझी कोडी उघडतील ना?" आणि तिघंही सांगत होती, "उघडतील हो." त्या तिघांपैकी एकानंही ती कोडी कधी उघडून पाहिलेली नव्हती.

मी वही घेऊन मामांच्या शेजारी बसले. म्हटलं, "मामा, तुम्ही रोज जे करता ते करा, मी नुसतं लिहून घेते." श्रोतेहो, तुम्हीही आपल्या माणसासाठी एवढं कराच. शेजारी बसा आणि बघा.

पहिली नोंद झाली ती मराठी टाइप करायच्या प्रोग्रॅमची. तो इतका जुना, की विंडोज ९५ च्याही आधीच्या काळातला, म्हणजे सोळा बिटचा. बिट म्हणजे यंत्र एका वेळी किती माहिती हाताळतं त्याचं माप. शिवाय त्याचं एक कुलूप होतं. प्रिंटरच्या जुन्या रुंद खाचेत एक छोटी डबी लावायची, ती लावली नाही तर प्रोग्रॅम उघडतच नाही. आता नव्या घरगुती संगणकांना ती खाच सहसा नसतेच. आणि विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटचं, त्यावर सोळा बिटचा प्रोग्रॅम मुळात सुरूच होत नाही. मॅकवर, लिनक्सवरही तो सरळ चालणार नाही. म्हणजे बैठकीत ज्या तीन सिस्टिमवरून वाद झाला, त्या तिन्ही या कामात सारख्याच निरुपयोगी.

दुसरी नोंद झाली फायलींची. मी एक कोडं पेन ड्राइव्हवर घेतलं आणि माझ्या लॅपटॉपवर उघडलं. पडद्यावर रोमन अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं, असा सगळा गोंधळ. मामी घाबरल्या. "अगं, पुसलं की काय सगळं?"

काहीही पुसलेलं नव्हतं. जुन्या मराठी फाँटांमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीची वळणं बसवलेली असायची. फाँट आहे तोवर मराठी दिसतं, फाँट नसला की खालची रोमन अक्षरं उघडी पडतात. आम्ही जुन्या संगणकातून त्या फाँटची फाइलही उचलून आणली, माझ्याकडे बसवली, आणि कोडं जसंच्या तसं दिसलं. तेव्हा हे लक्षात ठेवा, जुनं यंत्र सोडताना फायलींबरोबर फाँटही घ्या. फायली आणि फाँट, दोन्ही.

पण संपादकांना हवं होतं युनिकोड. ते करून देणारे परिवर्तक मिळतात. त्यातून मजकूर काढला आणि खरी मौज पुढेच आली. जुन्या फाँटमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, कारण ती डोळ्यांना आधी दिसते. युनिकोडमध्ये ती अक्षराच्या नंतर साठवली जाते, कारण आपण ती नंतर उच्चारतो. रफाराचं उलटं. 'सूर्य' लिहिताना जुना फाँट रफार 'य'च्या नंतर ठेवतो, युनिकोडमध्ये 'र' आधी येतो. परिवर्तक ही अदलाबदल करतो, पण 'स्थिती'सारखं जोडाक्षर आलं की कधीकधी चुकतो. साध्या पत्रात अशी चूक वाचणारा समजून घेतो. शब्दकोड्यात नाही. आपल्या कोड्यात एका चौकोनात काना-मात्रेसकट एक पूर्ण अक्षर बसतं. वेलांटी सरकली की आडवा शब्दही मोडतो आणि उभाही. मामांनी एकेक कोडं तपासलं. कुणाला हात लावू दिला नाही. छापील प्रत एका हातात, पेन्सिल दुसऱ्या हातात, आणि पडद्यावरची चूक सापडली की काय आनंद!

तिसरी नोंद स्कॅनरची. ही कुणाच्याच डोक्यात आली नव्हती. मामा जुन्या कात्रणांतले शब्द जमवतात आणि ती कात्रणं स्कॅन करून ठेवतात. स्कॅनर जुना पण काच स्वच्छ, दिवा ठणठणीत. जावयांच्या विंडोज ११ च्या लॅपटॉपला जोडला, त्यानं ओळख दिली नाही. बनवणाऱ्या कंपनीनं विंडोज ७ नंतर त्याचा ड्रायव्हर, म्हणजे त्याची संगणकाशी गाठ घालून देणारा प्रोग्रॅम, काढलाच नव्हता. बहिणीच्या मॅकला जोडला, तिथेही तेच. मग भावानं पेन ड्राइव्हवरून लिनक्स मिंट, म्हणजे लिनक्सचाच एक प्रकार, सुरू केलं. काही बसवायचं नाही, आतल्या डिस्कला हात लावायचा नाही, नुसतं पेन ड्राइव्हवरून चालवून बघायचं. स्कॅनर जोडला, स्कॅनिंगचा प्रोग्रॅम त्यात आधीपासूनच होता, आणि दिवा सरकायला लागला.

स्कॅनरनं निकाल दिला. भावाकडे एक संगणक पडून होता, विंडोज ११ च्या अटीत न बसणारा, म्हणजे ज्यावर मी मघाशी चिडले त्यातलाच. त्यात जुन्या फिरत्या डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे न फिरणारी, वेगवान डिस्क घातली, वर लिनक्स मिंट. मामांची कोडी आता त्यावर होतात. पण म्हणून तुम्हीही लिनक्सच घ्या असं मी सांगत नाही. तुमचा स्कॅनर दुसऱ्या कंपनीचा असेल, तर निकाल नेमका उलटा लागू शकतो. तुमच्या वहीत तुमच्याच नोंदी हव्यात.

जाता जाता एक गोष्ट सांगितल्याशिवाय मला राहवणार नाही. इन्स्क्रिप्ट, म्हणजे देवनागरी टाइप करायची कळफलकाची मांडणी, ती शिका. मुलांना तर शिकवाच. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या हाताला, इतकी सुबक मांडणी आहे ती. रोमन अक्षरांतून मराठी लिहायची सवय लागली की ऱ्हस्व-दीर्घाचा विचारच सुटतो, आणि मग लेखनात जी पडझड दिसते ती बघवत नाही. इन्स्क्रिप्ट विंडोजवर आहे, मॅकवर आहे, लिनक्सवर आहे. बोटांना एकदा बसली की सिस्टिम कितीदाही बदला, बोटांना नव्यानं शिकावं लागत नाही. मामा या वयात शिकले.

असो. आता सिस्टिमविषयी थोडक्यात, वेळही फार उरलेला नाही.

वहीत एखादा असा प्रोग्रॅम असेल जो फक्त विंडोजवर चालतो, हिशेबाचा, आराखड्यांचा, मुलांच्या अभ्यासाचा, तर विंडोज ११ घ्या आणि वाद थांबवा. किमान अट चार जीबी मेमरीची आहे, पण चारवर समाधान मानू नका, आठ तरी घ्या, जमलं तर सोळा. विंडोजची 'होम' ही घरगुती आवृत्ती पहिल्यांदा सुरू करताना इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचं खातं मागितलं जातं. त्या खात्याचा पासवर्ड कागदावर लिहून घरात ठेवा. हो, कागदावरच. घरातल्या दुसऱ्या माणसाला तो सापडला पाहिजे.

मॅकओएस, म्हणजे मॅकची सिस्टिम, हवी तर यंत्रही ॲपलचंच घ्यावं लागतं. वापरलेला मॅक घेणार असाल तर आत इंटेलचा प्रोसेसर आहे की ॲपलची स्वतःची चिप, एवढं आधी विचारा. ॲपलच्या चिपचे मॅक २०२० च्या अखेरीस आले, आणि इंटेलच्या मॅकवर चालणारी शेवटची आवृत्ती मॅकओएस टाहो, २०२५ ची. त्यामुळे इंटेलचा मॅक स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.

सगळं काम ब्राउझरमध्येच होत असेल, म्हणजे मेल, बातम्या, व्हिडिओ, व्यवहार, तर क्रोमबुकचाही, म्हणजे गूगलच्या ब्राउझरभोवती बांधलेल्या लॅपटॉपचाही, विचार करा. २०२१ पासूनच्या मॉडेलना दहा वर्षं अपडेट मिळतात. पण ही दहा वर्षं तुम्ही विकत घेतलं त्या दिवसापासून मोजत नाहीत, ते मॉडेल ज्या मूळ बांधणीवर बनलं ती बाजारात आली तेव्हापासून मोजतात. दुकानात पडून राहिलेलं यंत्र घेतलंत तर तेवढी वर्षं आधीच गेलेली असतात. म्हणून अपडेटची शेवटची तारीख विचारूनच घ्या.

लिनक्समध्ये नवख्यांसाठी मिंट किंवा उबुंटू बरं. उबुंटू घ्यायचं तर एलटीएस, म्हणजे लांब मुदतीची आवृत्ती घ्या, तिला पाच वर्षं दुरुस्त्या मिळतात. वर्डच्या फायली लिबरऑफिस या मोफत प्रोग्रॅममध्ये उघडतात, फक्त गुंतागुंतीची मांडणी असेल तर ती थोडी हलते, म्हणून तुमची सगळ्यात किचकट फाइल आधी उघडून बघा. आणि पेन ड्राइव्हवरून चालवून बघाल तेव्हा नुसता पडदा दिसला म्हणून खूश होऊ नका. वायफाय लागतं का, आवाज येतो का, प्रिंटर छापतो का, झोपवलेला संगणक परत जागा होतो का, हे सगळं तपासा.

जावयांचा मुद्दाही मी सोडून देणार नाही. घरातल्या वडीलधाऱ्यांचा संगणक अडला की फोन कुणाला लागणार? त्या माणसाला जी सिस्टिम येते, तिला वहीत एक जास्तीची खूण करा. मामांच्या बाबतीत तो माणूस भाऊच होता, म्हणून जमलं.

आणि आता जुन्या संगणकाचं. नवा आला म्हणून जुना लगेच देऊन टाकू नका. नव्यावर महिनाभर तरी काम करा, काय राहिलं ते तेव्हाच कळतं. फायलींच्या दोन प्रती करा, एक नव्या संगणकात, एक बाहेरच्या डिस्कवर. दोन प्रती, दोन वेगळ्या जागी. त्या उघडून बघा, नुसती नावं दिसली म्हणजे फाइल आली असं समजू नका. मग यंत्र द्यायचं तर हार्ड डिस्क काढून घ्या, किंवा ती पूर्ण पुसणाऱ्या प्रोग्रॅमनं पुसून घ्या. नुसतं डिलीट केलेलं परत काढता येतं, आणि त्यात तुमची कागदपत्रं, तुमच्या घरच्यांचे फोटो असतात.

नमस्कार.