निळ्या रंगाखालचा नंबर

हे जे आता दिसतंय ना तुम्हाला, ते जीपचं बॉनेट आहे, डावी बाजू, आणि माझ्या हातात हजार नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात भिजवून घासायचा बारीक पॉलिश पेपर, शेजारी बादलीत साबणाचं पाणी. कोल्हापुरातलं शिवाजी उद्यमनगर, सकाळचे साडेसात वाजलेत, पलीकडच्या गाळ्यातलं लेथ अजून सुरू झालेलं नाही म्हणून एवढी शांतता, नाहीतर इथं शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही. घासतोय अगदी हळू, तळहाताएवढ्याच जागेत. वरचा निळा गेला की खाली करडा येतो, करड्याखाली क्रीम, आणि त्याच्याही खाली एक मंद, अजिबात न चमकणारा शेवाळी हिरवा. काल संध्याकाळी त्या हिरव्यावर पांढऱ्या रंगातला एक आकडा दिसला. दोन. त्याला लागून शून्य.

मी पेपर खाली ठेवला आणि मामांना फोन लावला.

ही जीप माझ्या आजोबांची, म्हणजे आईच्या वडिलांची. १९६२ ला त्यांनी घेतली तेव्हाच ती जुनी होती, किती जणांच्या हातून आली होती कुणाला ठाऊक नाही. आम्ही सगळे तिला फक्त 'लो बॉनेट' म्हणत आलो, जसं कोल्हापूर-सांगलीकडे सगळेच म्हणतात. पण २० ने सुरू होणारा नंबर बॉनेटवर म्हणजे अमेरिकन सैन्याचा रजिस्ट्रेशन नंबर, पाव टनी जीपला ते लोक २० पासूनच नंबर द्यायचे. म्हणजे ही गाडी महायुद्धातली. ६० वर्षं आमच्या अंगणात उभी होती आणि आम्हाला माहीत नव्हतं.

थोडं मागे जाऊ. १९४१ ते १९४५ या काळात विलिज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांच्या वर जीप काढल्या, विलिजची ती एमबी आणि फोर्डची ती जीपीडब्ल्यू. २.२ लिटरचं चार सिलेंडरचं पेट्रोल इंजिन, ६० हॉर्सपॉवर, ८० इंचाचा व्हीलबेस. लढाई संपल्यावर आपल्याकडे आलेल्या कितीतरी गाड्या परत गेल्याच नाहीत, इथेच लिलावात विकल्या गेल्या. मग १९४९ मध्ये महिंद्रांनी मुंबईत माझगावला विलिजच्या जीपची जुळणी सुरू केली, पुढे सीजे-३बी हे मॉडेल आलं, तिचं इंजिन उंच म्हणून बॉनेट उंच, म्हणून ती 'हाय बॉनेट'. अमेरिकेत ती १९६८ ला बंद झाली, आपल्याकडे तिचा वंश कितीतरी वर्षं पुढे चालला. पाटबंधारे खातं, साखर कारखाने, वनखातं, निवडणुकीचा प्रचार, आपल्याकडचं एकही काम असं नसेल जिथं जीप गेली नाही.

आता दोन्ही कंपन्यांची जीप लांबून सारखीच दिसते, पण समोर रेडिएटरखाली वाकून बघा. चासीचा पुढचा आडवा दांडा गोल पाइपचा असेल तर विलिज, उलट्या यू आकाराचा चपटा असेल तर फोर्ड. फोर्डवाले आपल्या बोल्टांवरसुद्धा 'एफ' अक्षर ठोकायचे. आमच्या जीपचा दांडा गोल आहे, पण मागच्या ओढणीच्या हुकाचे दोन बोल्ट 'एफ'वाले निघाले. कधीतरी कुणीतरी दुसऱ्या गाडीचे काढून घातले असणार, लढाईत असेल नाहीतर नंतर एखाद्या गॅरेजात. ते बोल्ट मी बदललेले नाहीत, बदलणारही नाही.

हे मी इतकं ठामपणे सांगतोय कारण याआधी मी एक जीप खराब केलीये. लोक तिला बघून 'काय झकास केलीय' म्हणाले, अजून म्हणतात, पण माझ्या लेखी ती खराब झाली. हाय बॉनेट होती, साताऱ्याकडच्या एका घरातून घेतलेली. मी तिचा हौदा, म्हणजे चासीवरची पत्र्याची बॉडी, काढला, नवा हौदा मागवला, डबवालीच्या बाजूला हरियाणा-पंजाबच्या हद्दीवर अख्खं गाव जीपच्या बॉड्या बनवतं, तिकडून तो ट्रकवर आला. चासीला सँडब्लास्टिंग, रेड ऑक्साइड, वर चकचकीत रंग, आरशासारखा. आणि जुना हौदा भंगारात, किलोवर.

त्या जुन्या हौद्याच्या डॅशखाली, ड्रायव्हरच्या उजव्या हाताला, चुन्याची बोटं पुसलेले डाग होते. वर्षानुवर्षं कुणीतरी तंबाखू मळून तिथंच बोट पुसत आलं होतं, पत्र्यावर पांढरा थर साचला होता नखाएवढा जाड. काचेच्या चौकटीला चार भोकं होती, एकाच अंतरावर, मला कळेना कसली, तर तिथल्या एका म्हाताऱ्या माणसाने सांगितलं की ती प्रचाराच्या कर्ण्याची भोकं, दर निवडणुकीला तिथं कर्णा बांधायचे. मी ती भोकं वेल्डिंगने बुजवली, ग्राइंडर मारला, पुट्टी भरली. आता कुणी कितीही शोधलं तरी सापडणार नाहीत इतकं साफ काम झालं. चुन्याचा फोटोसुद्धा नाही माझ्याकडे. रंग पुन्हा कधीही मारता येतो हो, पण घासलेलं परत आणता येत नाही, आणि हे मला सगळं घासून झाल्यावर कळलं.

त्यामुळे आजोबांची जीप हातात आली तेव्हा मी ठरवूनच आलो होतो की हिला हात लावायचा नाही, जशी आहे तशी ठेवायची. आणि इथं मिस्त्रींनी मला अडवलं. गेली ४० वर्षं ते जीपवरच काम करतायत. त्यांनी ड्रायव्हरची सीट उचलली, खालची पेट्रोलची टाकी काढली (या जीपमध्ये टाकी सीटच्या खालीच असते, तुम्ही टाकीवर बसूनच गाडी चालवता), आणि टाकी ज्या खोलगट भागात बसते त्यात स्क्रू-ड्रायव्हर टेकवला. आरपार गेला. म्हणाले, "हे काय जपून ठिवणार हाईस? ह्यो गंज हाय, आठवण न्हाई."

आणि त्यांचं बरोबर होतं. हौद्याखाली पत्र्याच्या पन्हाळीसारख्या पट्ट्या असतात आधाराला, मागच्या पट्ट्यांमध्ये कंपनीनेच लाकडाचे तुकडे बसवलेले असतात, त्या लाकडात पाणी मुरतं आणि पत्रा आतून कुजतो, बाहेरून काही दिसत नाही. आमच्याकडचा पाऊस, गगनबावड्याचा रस्ता, आजोबांच्या काळात ही गाडी चार महिने ओलीच असायची. ब्रेकचं बघा, सगळ्या चाकांना एकच लाइन, एका व्हील सिलेंडरचं वॉशर गेलं की चारही चाकांचा ब्रेक गेला. मास्टर सिलेंडर पायाखाली, फ्लोअरच्या खाली, चिखलात. अशी गाडी 'ओरिजिनल आहे' म्हणून घाटात काढणं म्हणजे स्वतःसकट समोरून येणाऱ्याच्या जिवाशी खेळ, त्याला जतन म्हणत नाहीत.

मग आम्ही तीन आठवडे भांडत भांडत एक रेघ ठरवली. जे फिरतं, जे थांबवतं, जे वळवतं, जे पेटू शकतं, ते सगळं नव्यासारखं करायचं. ब्रेकच्या लाइनी नव्या, लाइनर नवे, किंगपिनची बेअरिंगं नवी, पाट्यांच्या बुशा नव्या, वायरिंग पूर्ण नवं पण जुन्या कापडी वेष्टणासारखं दिसणारं, आणि सहा व्होल्टचंच. इंजिन उघडून बोअर करून घेतलं. आणि जे फक्त दिसतं, त्याला हात लावायच्या आधी विचारायचं. फ्लोअरचा कुजलेला भाग कापला, तेवढ्यापुरताच, आणि नव्या पत्र्याच्या खालच्या बाजूला पंचने साल ठोकलं, म्हणजे ५० वर्षांनी कुणी उघडली तर त्याला कळेल की हा तुकडा आमचा, बाकीचा तिचा. ही कल्पना माझी नाही, जुन्या गाड्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाची, फिवाची, जी ट्यूरिनची सनद आहे तिच्यात हे आहे की बदललेल्या भागावर खूण ठेवा.

वरच्या गंजाचं काय केलं ते पण सांगतो कारण हे बरेच जण विचारतात. सुटी पापडी पितळी ब्रशने काढायची, लोखंडी ब्रश नको, चरे पडतात. उघड्या तांबड्या जागेवर टॅनिक ॲसिडचं रस्ट कन्व्हर्टर, कापसाने, तेवढ्याच जागी, तो तांबडा काळा पडतो आणि थांबतो. मग वरून बेलतेल, म्हणजे उकळलेलं जवसाचं तेल, हार्डवेअरच्या दुकानात बेलतेल म्हणूनच मागायचं, अगदी पातळ हात फिरवायचा आणि जास्तीचं पुसून घ्यायचं नाहीतर चिकट राहतं आणि धूळ धरतं. आणि त्या तेलाचे बोळे कोपऱ्यात चुरगाळून टाकू नका, आपोआप तापून पेट घेतात, खरंच घेतात, पसरून वाळवा किंवा पाण्यात बुडवा. दर पावसाळ्याआधी हे पुन्हा करावं लागणार. रंग मारून मोकळं होण्यापेक्षा जशीच्या तशी ठेवण्यातच कष्ट जास्त आहेत.

हा वाद फक्त आमच्या गाळ्यातला नाही. लँड रोव्हरचं बघा, २००८ पासून ती कंपनी टाटा मोटर्सची आहे. २०१६ मध्ये त्यांनी स्वतःच जुन्या सीरीज वन, म्हणजे अगदी पहिल्या मॉडेलच्या, गाड्या पार उघडून कारखान्यातून निघाल्या होत्या तशा कोऱ्या करून विकायला काढल्या, २५ गाड्या. आणि दोनच वर्षांनी त्यांनाच एक गाडी सापडली, १९४८ च्या एप्रिलमध्ये ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनात लँड रोव्हर पहिल्यांदा जगाला दाखवली तेव्हा तिथं असलेली. नंतर ती वेल्समधल्या एका शेतात २० वर्षं एका जागी उभी राहून नुसती तिच्या इंजिनाची ताकद वापरायच्या कामी आली होती, आणि शेवटी सापडली ती इंग्लंडमधल्या सोलिहलच्या त्यांच्या कारखान्यापासून थोड्याच मैलांवर एका घराच्या बागेत. तिच्यावर मात्र त्यांनी नवा रंग मारायचा नाही असं ठरवलं, १९४८ चा मूळ फिका हिरवा जेवढा उरला होता तेवढा तसाच ठेवून ती चालती करायची. त्याच कंपनीने दोन गाड्यांना दोन वेगळे न्याय लावले आणि मला दोन्ही पटतात. ज्या मॉडेलच्या हजारो गाड्या निघाल्या त्यातली एक कोरी केली तर काही बुडत नाही, पण जी त्या दिवशी तिथं होती तिचा रंग म्हणजे तिचा जबाब आहे.

आणि तिसरा न्याय दार्जिलिंगकडे, मानेभंज्यांगला. तिथं १९५० च्या दशकातल्या लँड रोव्हर अजून प्रवासी घेऊन संदकफूला चढतात, ३,६३६ मीटरवर. कितीतरी गाड्यांत महिंद्राचं डिझेल इंजिन बसवलंय. काही शौकीन लोक त्याला नावं ठेवतात, मला ते अजिबात पटत नाही, त्या माणसांचं पोट त्या गाडीवर आहे आणि चढ चढणं हेच तिचं काम आहे.

आपल्याकडे कायद्यानेही आता यात पाऊल टाकलंय. २०२१ च्या नियमांनुसार ५० वर्षांपेक्षा जुनी गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात 'व्हीए' अक्षरं येतात, नवीन नोंदणीची फी २०,००० रुपये. पण अट अशी की गाडी मूळ रूपात हवी, चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार नको. माझ्या त्या आरशासारख्या हाय बॉनेटचा नवा हौदा बघा आणि ही अट बघा, आणि या निळ्या, टवके उडालेल्या लो बॉनेटकडे बघा.

तर मी मामांना फोन लावला.

मामांचं पहिल्यापासून एकच म्हणणं, रंग मार. "वडिलांची गाडी आहे, भिकाऱ्यासारखी दिसते." मी म्हणायचो मामा, हाच तिचा चेहरा आहे, ते चिडायचे. मला वाटायचं त्यांना कळत नाही. ते आले, आकडे बघितले, चष्मा पुसला, पुन्हा बघितले. मग त्यांचा हात नंबरावरून सरकून निळ्यावर गेला. ब्रशचे फराटे स्पष्ट दिसतात तिथं, एका जागी ओघळ पण आलाय.

म्हणाले, "हा मी मारलाय." १९७९ ची गोष्ट. घराच्या खिडक्यांना आणलेला ऑइल पेंट उरला होता, मामा १५ वर्षांचे, आजोबांनी ब्रश हातात दिला आणि म्हणाले, मार तू. दोघांनी मिळून एका रविवारी मारला. ओघळ बघून आजोबा काही बोलले नाहीत, पण मामांना आयुष्यभर तो ओघळ सलत राहिला. नवा रंग त्यांना त्याच्यासाठी हवा होता.

आणि मी इकडे तोच निळा घासून काढत होतो, खालचा १९४० च्या दशकातला हिरवा खरा आणि हा वरचा खोटा असं समजून. चुन्याचे डाग घालवल्याचं दुःख मी तीन वर्षं करतोय आणि इथं आजोबा आणि मामांचा रविवार रोज सकाळी बादलीत धुऊन टाकत होतो.

नंबर बॉनेटच्या दोन्ही बाजूंना असायचा. म्हणजे उजव्या बाजूलाही निळ्याखाली तो असणार, पूर्ण असेल, कदाचित जास्त स्वच्छ असेल. डावीकडे आतापर्यंत चार आकडे मोकळे झालेत, पुढचे अजून झाकलेले आहेत, आणि ते कळले तर ही नेमकी कुठली गाडी, कधीची, याचा माग लागू शकतो. मी मामांना म्हटलं, डावीकडचा नंबर तेवढा पूर्ण करू? वीतभर पट्टी. उजवीकडे हात लावणार नाही.

ते बराच वेळ काही बोलले नाहीत. तोवर लेथ सुरू झालं. मग त्यांनी माझ्या हातातला वॉटर पेपर घेतला, बादलीत बुडवला, आणि पाचव्या आकड्यावर स्वतः घासायला लागले, अगदी हळू. ओघळ तिथून चार बोटांवर होता. त्याच्या अलीकडे मामा थांबले.