तपकिरी डाग: पाळीच्या रक्ताचे रंग

(दृश्य: पॅडवर एकच तपकिरी डाग.)

पहिली पाळी म्हणजे लालभडक रक्त, अशी अनेकींची कल्पना असते. दिसतो मात्र कित्येकदा असा तपकिरी, चिकट डाग. हे रक्तच आहे का, असा प्रश्न पडतो. हो, रक्तच आहे. बाहेर यायला त्याला वेळ लागला, एवढंच.

रक्ताचा लाल रंग हिमोग्लोबिनमुळे असतो, आणि हिमोग्लोबिनमध्ये लोह असतं. रक्त गर्भाशयात किंवा योनीमार्गात रेंगाळलं, की ऑक्सिजनमुळे त्या लोहात बदल होतो. मग लाल रंग गडद होतो, पुढे तपकिरी, कधी जवळजवळ काळा. बोट कापल्यावर सुकणारा थेंब असाच काळपटतो. पाळीच्या सुरुवातीला आणि शेवटी स्राव कमी, म्हणून रंग तपकिरी. मधल्या दिवसांत रक्त भरभर बाहेर पडतं, म्हणून लाल. रात्रभर आडवं राहिल्यावर सकाळी गडद दिसतं, तेही याचमुळे. ‘आत घाण रक्त साचलंय’ या म्हणण्यात काहीही तथ्य नाही.

(दृश्य: पांढरा टिश्यू.)

रंग पॅडवर पाहू नका. तिथलं रक्त आधीच सुकत आलेलं असतं. लघवीनंतर पांढऱ्या टिश्यूने पुसा. त्यावर उमटेल तो खरा रंग.

फिकट गुलाबी दिसलं, तर थोड्या रक्तात गर्भाशयाच्या तोंडाकडचा पातळ स्राव मिसळलेला असतो. नारिंगी छटाही अशीच येऊ शकते. पण स्राव राखाडी किंवा हिरवट असेल, मासळीसारखा वास येत असेल, खाज किंवा जळजळ होत असेल, तर जंतुसंसर्गाची शंका घ्यायची आणि डॉक्टरांकडे जायचं. आतून धुणं, सुगंधी द्रव्यं वापरणं यांनी त्रास वाढतो. टॅम्पॉन, म्हणजे रक्त शोषायला योनीमार्गात ठेवायचा बोळा, वापरत असाल तर 8 तासांच्या आत बदला. विसरलेल्या टॅम्पॉनमुळे दुर्गंधीयुक्त तपकिरी स्राव येतो. टॅम्पॉन वापरताना अचानक ताप, अंगावर पुरळ, चक्कर असं काही झालं, तर तो लगेच काढून थेट रुग्णालय गाठा.

आता गाठी. पाळीचं रक्त पातळ राहावं म्हणून शरीर गुठळ्या विरघळवणारे घटक सोडतं. स्राव जोरात असला की ते पुरे पडत नाहीत आणि गाठी पडतात. हरभऱ्याएवढ्या चालतील. अडीच सेंटिमीटरपेक्षा मोठ्या वारंवार पडत असतील, तर तपासून घ्या.

खरं तर रंगापेक्षा प्रमाण जास्त महत्त्वाचं. एका पाळीत साधारण 30 ते 40 मिलिलिटर, म्हणजे दोन-तीन मोठे चमचे रक्त जातं. ते कोणी मोजत नाही. पॅड मात्र मोजता येतात. दिवसाला 3 ते 6 पॅड हे नेहमीचं. दर एक-दोन तासांनी पॅड पूर्ण भिजणं किंवा रक्तस्राव 7 दिवसांहून लांबणं, हे जास्त झालं. पहिल्या पाळीपासूनच असं असेल, शिवाय नाकातून रक्त येऊन 10 मिनिटांत थांबत नसेल किंवा हिरड्यांतून रक्त येत असेल, तर रक्त गोठण्याची तपासणी करायला हवी. सतत थकवा आणि धाप असेल, तर हिमोग्लोबिनही तपासा.

पहिली दोन-तीन वर्षं दर महिन्याला बीजांड बाहेर पडतंच असं नाही. त्यामुळे एका पाळीच्या पहिल्या दिवसापासून पुढच्या पाळीच्या पहिल्या दिवसापर्यंत 21 ते 45 दिवस जाऊ शकतात. 90 दिवस उलटले, तर डॉक्टरांना भेटा. शारीरिक संबंध आला असेल आणि पाळी चुकली असेल, तर आधी गर्भचाचणी. रंगावरून अंदाज बांधत बसू नका.

(दृश्य: वहीचं पान, तारखा.)

वहीत तारीख, पॅडची संख्या, गाठींचा आकार, वास आणि दुखणं लिहून ठेवा. ‘काळं रक्त जातंय’ एवढ्यावरून डॉक्टरांना फारसं कळत नाही. ‘दुसऱ्या दिवशी दर दीड तासाने पॅड बदलावा लागला, रात्री दोनदा उठले’ यावरून खूप कळतं.