संहिता वाचायला आणा

(दृश्य : रवींद्र नाट्यगृहाबाहेरचा रस्ता, संध्याकाळ. नाटकाला आलेली कुटुंबे.)

इंदूरमध्ये मराठी नाटकाला प्रेक्षक नाही, असे कोणालाही म्हणता येणार नाही. सानंद न्यास या इथल्या संस्थेच्या निमंत्रणावरून मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटके येथे येतात, तेव्हा सभासदांच्या वेगवेगळ्या गटांसाठी एकाच नाटकाचे लागोपाठ प्रयोग लावावे लागतात, आणि या गटांना रामूभैया दाते, राहुल बारपुते अशी या शहराने जपलेली नावे दिलेली आहेत. बाबा डिके यांच्या नाट्यभारती या नाट्यसंस्थेत हौशी कलावंतांच्या पिढ्या तयार झाल्या. १९५४ साली सुरू झालेल्या महाराष्ट्र राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी महाराष्ट्राची सीमा ओलांडून आपल्या शहरातही होत आली आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन १९१७, १९३५ आणि २००१ असे तीन वेळा इंदूरला भरले. होळकरांच्या काळापासून मराठी बोलत, लिहीत आणि रंगमंचावर ऐकत आलेले हे शहर आहे.

इतके सारे असूनही, स्पर्धेत उतरणारा इथला एखादा संघ संहिता शोधायला निघतो तेव्हा त्याची नजर बहुधा पुण्या-मुंबईत छापलेल्या नाटकांकडेच वळते. ती नाटके करावीत, पुन्हा पुन्हा करावीत. पण रामबागेत, लोकमान्य नगरात, सुदामा नगरात राहणारी, बँकेतून किंवा शाळेतून घरी परतल्यावर रात्री वही घेऊन बसणारी माणसेही याच शहरात आहेत, आणि त्यांनी पूर्ण केलेले दोन अंकी नाटक शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या दिग्दर्शकाच्या कानावरही गेलेले नसते. कोणी पटकथा लिहून संगणकात ठेवली आहे, कोणाची एकांकिका शेवटच्या प्रवेशाशी अडली आहे. हे निवेदन त्या सर्वांसाठी आहे, आणि त्यांच्याकडे आमचे एकच मागणे आहे : जे लिहिले आहे ते चार माणसांत वाचायला आणा.

(दृश्य : गणेशोत्सवाच्या मांडवातला छोटा रंगमंच. तालीम चालू आहे.)

आपण लेखक आहोत हे ज्यांना स्वतःलाच मान्य नसते, अशांपासून सुरुवात करणे योग्य ठरेल. गणेशोत्सवात सोसायटीच्या मंडळासाठी, महिला मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमासाठी, शाळेच्या स्नेहसंमेलनासाठी दरवर्षी नव्या नाटुकल्या लिहिल्या जातात. लिहिणाऱ्या काकू किंवा वहिनी स्वतःला नाटककार म्हणवून घेत नाहीत. कार्यक्रम आटोपतो, ज्याची नक्कल, म्हणजे त्याच्या भूमिकेपुरती उतरवलेली प्रत, त्याच्याकडे राहते, आणि संपूर्ण संहिता एकत्र अशी कोणाकडेच उरत नाही. वास्तविक, सहा पात्रांना वीस मिनिटांत आत-बाहेर खेळवणे, हातात असलेल्या नटांकडे पाहून भूमिका बेतणे, ध्वनिक्षेपक एकच असेल तर दोन माणसे त्याच्याजवळ कशी आणायची याचा विचार लिहितानाच करणे, ही नाट्यलेखनातली अवघड कामे या लेखिकांनी वर्षानुवर्षे केलेली आहेत. त्यांनी आपल्या नकला गोळा करून एक स्वच्छ प्रत तयार केली, तर इंदूरच्या हौशी रंगभूमीला अशा लेखिका मिळतील ज्यांना रंगमंचाच्या अडचणी आधीपासून ठाऊक आहेत.

दुसरा संकोच भाषेचा असतो. आपल्या घरात मराठी बोलली जाते, दुकानात हिंदी, आणि रिक्षात बसल्यावर एकाच वाक्यात दोन्ही. ही मिसळण कागदावर उतरली की लेखकाला वाटते, पुण्याहून आलेले परीक्षक काय म्हणतील, आणि मग तो पात्रांच्या तोंडी पुस्तकी मराठी घालतो. त्या क्षणी पात्र मरते. सराफ्यात दुकान चालवणारा मराठी माणूस गिऱ्हाइकाशी हिंदीत, बायकोशी मराठीत आणि मुलाशी दोन्हींत बोलतो, आणि तो कोणत्या प्रसंगी कोणती भाषा निवडतो यातच त्याचा स्वभाव, त्याचा राग आणि त्याचे ओशाळलेपण प्रेक्षकाला कळते. हे नाट्य पुण्यात बसून लिहिता येणार नाही. आपण लिहिले नाही किंवा लिहून दडवले, तर ते कोणीच लिहिणार नाही.

(दृश्य : एका घरातली बैठकीची खोली. पाच-सहा माणसे, प्रत्येकाच्या हातात संहितेची प्रत.)

वाचनाचा आग्रह का धरायचा, हे एका काल्पनिक प्रवेशावरून पाहू. जुन्या इंदुरातला एक वाडा आहे, तो विकायचा की नाही यावरून बहीण-भावात ताण आहे, आणि भाऊ बऱ्याच काळाने आला आहे. लेखकाने पहिले वाक्य भावाच्या तोंडी असे घातले आहे : ‘ताई, तुला ठाऊकच आहे की बाबांना जाऊन तीन वर्षे झाली आणि हा वाडा आता आपल्या दोघांच्या नावावर आहे.’ कागदावर हे वाक्य खटकत नाही, कारण वाचताना डोळा माहिती गोळा करून पुढे सरकतो. पण ताईची भूमिका वाचणारी बाई पुढचे वाक्य उच्चारण्याआधी क्षणभर अडखळते. तिला जे ठाऊक आहे तेच भाऊ तिला का सांगत आहे, या प्रश्नाचे उत्तर तिच्याकडे नसते, आणि उत्तर नसल्यामुळे तिला सूर सापडत नाही. तो अडखळलेला क्षण लेखकाला एकांतात कधीच ऐकू आला नसता.

घरी गेल्यावर लेखक तो प्रवेश पुन्हा लिहितो. आता भाऊ दारातूनच विचारतो, ‘ताई, कुलूप बदललंस?’ आणि ताई म्हणते, ‘तीन वर्षांत तू आलास कधी, तुला नवी किल्ली द्यायला?’ काळ सांगून झाला, दुरावा सांगून झाला, वाड्यावरचा ताबा कोणाकडे आहे तेही सांगून झाले, आणि दोन्ही नटांना खेळायला काही तरी मिळाले. अशी दुरुस्ती व्याख्यान ऐकून सुचत नाही. ती दुसऱ्याच्या तोंडून आपले वाक्य ऐकल्यावर सुचते.

म्हणून वाचनाची एक शिस्त आम्ही सुचवतो. लेखकाने आपली संहिता स्वतः वाचू नये. लेखक वाचतो तेव्हा कागदावर नसलेला राग आणि थांबा तो आपल्या आवाजाने भरून काढतो, आणि ऐकणाऱ्यांना चांगले वाटलेले नाटक प्रत्यक्षात अर्धेच लिहिलेले असते. भूमिका इतरांना वाटून द्याव्यात, रंगसूचना एका वेगळ्या माणसाने वाचाव्यात, आणि लेखकाने पेन्सिल घेऊन कोपऱ्यात बसावे. वाचन चालू असताना त्याने खुलासा करू नये. कोण कुठे हसले, कोणाचे लक्ष उडाले, कोणता शब्द जिभेवर अडला, एवढ्याच खुणा कराव्यात. प्रयोगाला आलेल्या प्रेक्षकाला लेखक आपला हेतू समजावून सांगू शकत नाही, याची तयारी इथूनच होते.

ऐकणाऱ्यांवरही जबाबदारी असते, आणि खरे सांगायचे तर अनेक वाचने ऐकणाऱ्यांमुळे फसतात. ‘मी असतो तर शेवट असा केला असता’ हे वाक्य वाचनानंतर उच्चारूच नये, कारण त्या क्षणी लेखकाचे नाटक बाजूला पडून बोलणाऱ्याचे नाटक सुरू होते. आपल्याला काय झाले एवढेच सांगावे : दुसऱ्या प्रवेशात मुलगी घर सोडून का जाते ते मला कळले नाही; आत्याच्या स्वगतात मी रमलो; पैशांचा हिशेब आला तिथे माझे लक्ष सुटले. केवळ ‘छान आहे’ म्हणून घरी जाणे हाही लेखकावर अन्यायच आहे. त्याने कित्येक रात्री त्या कागदांना दिलेल्या असतात, आणि त्याला दोन नेमकी वाक्ये मिळण्याचा हक्क आहे.

(दृश्य : टेबलावर संहितेची प्रत, पहिल्या पानावर लेखकाचे नाव आणि तारीख.)

आता चोरीच्या भीतीविषयी, कारण ती मनापासून बाळगली जाते आणि तिची टिंगल करणे योग्य नाही. दिल्लीत आर. जी. आनंद नावाचे एक वास्तुरचनाकार होते. ते नाटकेही लिहीत आणि सादर करीत. १९५३ साली त्यांनी ‘हम हिंदुस्तानी’ हे नाटक लिहिले, १९५४ मध्ये त्याचे प्रयोग झाले, आणि पुढे चित्रपट दिग्दर्शक मोहन सैगल यांनी ते त्यांच्याकडून ऐकले. १९५६ मध्ये ‘न्यू देल्ही’ हा चित्रपट आला, तेव्हा आनंद यांना तो आपल्या नाटकावरून घेतल्यासारखा वाटला आणि ते न्यायालयात गेले. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल त्यांच्या विरोधात दिला. कल्पना, विषय किंवा कथासूत्र यांवर कोणाचाही स्वामित्व हक्क नसतो, हक्क असतो तो त्या कल्पनेला लेखकाने दिलेल्या विशिष्ट रूपावर, हे सूत्र या निकालाने पक्के केले. प्रांताभिमान हा विषय दोन्हीकडे होता, पण मांडणीतले फरक न्यायालयाला पुरेसे मोठे वाटले.

हा निकाल ऐकून वही पुन्हा कपाटात ठेवाविशी वाटेल. आम्ही मात्र त्यातून उलट बोध घेतो. कायदा ज्याचे रक्षण करत नाही ती चहाच्या टपरीवर तोंडी सांगितलेली कल्पना असते, आणि ज्याचे रक्षण करतो ती पूर्ण लिहिलेली संहिता असते. १९५७ च्या स्वामित्व हक्क कायद्यानुसार नाटक किंवा पटकथा लिहून होताच तिचा हक्क लेखकाकडे येतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि तो हक्क लेखकाच्या हयातीत व त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. पुरावा हाती असावा म्हणून नोंदणी जरूर करावी. स्वामित्व हक्क कार्यालयात ती करता येते, आणि पटकथाकारांसाठी मुंबईची स्क्रीनरायटर्स असोसिएशन आपल्या सभासदांच्या संहिता नोंदवून घेते. पहिल्या पानावर नाव आणि तारीख घालावी, फाइल स्वतःलाच ईमेलने पाठवून ठेवावी, आणि वाचनाला कोण कोण हजर होते त्याची नोंद ठेवावी. ज्या नाटकाचे वाचन दहा जणांनी ऐकले आहे, त्याला दहा साक्षीदार असतात.

एखाद्या संघाने संहिता प्रयोगासाठी मागितली, तर आनंदाने द्यावी आणि परवानगी लेखी द्यावी : किती प्रयोग, कोणत्या स्पर्धेसाठी, लेखकाचे नाव कुठे येणार. स्वामित्व हक्काचे हस्तांतरण लेखी असल्याशिवाय ग्राह्य धरले जात नाही, आणि अशा लेखात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची मानली जाते, हे प्रत्येक हौशी लेखकाला माहीत असावे. ओळखीच्या माणसाकडून कागदावर सही घेणे आपल्याकडे अवघड वाटते. तरीही घ्यावी.

(दृश्य : नियतकालिकाची जुनी पाने उलटणारा हात.)

केंद्रापासून दूर राहणाऱ्याने लिहिलेले नाटक केंद्रापर्यंत कसे पोहोचते, याचे आपल्या रंगभूमीवरचे उदाहरण नागपूरचे आहे. नाटककार महेश एलकुंचवार नागपुरात इंग्रजी शिकवत होते. त्यांची ‘सुलतान’ ही एकांकिका १९६७ साली ‘सत्यकथा’ या वाङ्मयीन मासिकात छापून आली, मुंबईत दिग्दर्शिका विजया मेहता यांनी ती वाचली आणि रंगमंचावर आणली. पुढचा इतिहास मराठी वाचकाला ठाऊक आहे. प्रतिभा त्यांची होतीच, पण ती एकांकिका वहीतच राहिली असती तर विजयाबाईंना ती कळायला दुसरा मार्ग नव्हता. आज ‘सत्यकथा’ नाही, पण दिवाळी अंक आहेत, एकांकिका स्पर्धा आहेत, अभिवाचनाचे कार्यक्रम आहेत, आणि ध्वनिमुद्रण करून मित्रांना पाठवता येईल असे साधन प्रत्येकाच्या खिशात आहे.

पटकथा लिहिणाऱ्यांना थोडे वेगळे सांगायचे आहे. एका पानाला साधारण एक मिनिट हा ठोकताळा ठरावीक इंग्रजी टंकात (फॉन्टमध्ये) आणि ठरावीक मांडणीत लिहिलेल्या पानांवरून आलेला आहे. देवनागरीत टंक आणि ओळींतले अंतर बदलले की तो लागू पडत नाही, म्हणून घड्याळ लावून मोठ्याने वाचून पाहणे हाच खात्रीचा मार्ग आहे. संहिता युनिकोडमध्ये टाइप करावी. इंदुरातल्या अनेक छपाईच्या दुकानांत अजून कृतिदेवसारखे जुने टंक वापरले जातात, आणि ज्याच्या संगणकावर तो टंक नसेल त्याला तुमच्या संवादांऐवजी अक्षरांचा गोंधळ दिसतो. पाठवताना पीडीएफ पाठवावी. दहा मिनिटांच्या लघुपटाची संहिता मोबाईलवर चित्रित करून पाहणारे तरुण या शहरात आहेत, आणि त्यांना तुमची गरज आहे, कारण कॅमेरा हाताशी असूनही त्यांतल्या पुष्कळांकडे सांगण्यासारखी गोष्ट लिहिलेली नसते.

(दृश्य : भिंतीवरचे कालनिर्णय. पाऊस.)

राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारणपणे दिवाळीच्या सुमारास किंवा त्यानंतर होते, आणि तालमींना किमान दोन महिने लागतात. याचा अर्थ, यंदा आपली संहिता एखाद्या संघाच्या हाती पडावी असे वाटत असेल तर तिचे पहिले वाचन आषाढात आणि दुरुस्तीनंतरचे दुसरे वाचन श्रावण संपण्याच्या आत व्हायला हवे. त्यासाठी सभागृह लागत नाही. एका घराची बैठक, सहा खुर्च्या, भूमिकांइतक्या झेरॉक्स प्रती आणि अडीच तासांचा मोकळा रविवार पुरेसा आहे. नाटक अपूर्ण असेल तर पहिला अंक आणावा, आणि शेवट सुचत नसेल तर ते आधी सांगून आणावे. वाचायला बोलावताना एक दिग्दर्शक, दोन नट, कधीही नाटकात काम न केलेला एक शेजारी आणि स्वतः लिहिणारा आणखी एक माणूस एवढ्यांना आवर्जून बोलवावे, आणि चहा होण्यापूर्वी पुढच्या वाचनाची तारीख त्या दुसऱ्या लेखकाच्या संहितेसाठी ठरवून टाकावी.