सरकारी ताट, घरचं ताट

नमस्कार श्रोतेहो. काय खावं, किती खावं, हे ब्रिटनमध्ये सरकार एका चित्रातून सांगतं. गोल ताट, त्याचे पाच कप्पे. त्यात सर्वांत मोठे वाटे फळं-भाज्या आणि पिष्टमय पदार्थांचे. त्याला ‘ईटवेल गाइड’ म्हणतात. आजचं रूप 2016 चं. तिथल्या भारतीय, बांगलादेशी, चिनी, कॅरिबियन घरांत हे कितपत पाळलं जातं, असं कोणी विचारलं, की सुरातच उत्तर असतं: पाळत नसतील.

पण 2004 साली इंग्लंडच्या आरोग्य पाहणीने वांशिक अल्पसंख्याकांवर मुद्दाम भर दिला, तेव्हा काय दिसलं? सल्ल्याप्रमाणे दिवसाला फळं-भाज्यांचे पाच भाग खाणारे पुरुष एकूण लोकसंख्येत 23 टक्के, भारतीयांत 37, चिनींमध्ये 36. मिठाच्या बाबतीत मात्र उलट. स्वयंपाकात मीठ घालणारे बांगलादेशींमध्ये फार जास्त निघाले, आणि सल्ला तर दिवसाला 6 ग्रॅमच्या आत राहण्याचा. आता सगळ्या ब्रिटनचं म्हणाल, तर 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ईटवेल गाइडच्या नऊच्या नऊ सूचना पाळणारे हजारात एक इतकेही भरले नाहीत. तेव्हा बोट कोणाकडे दाखवायचं?

खरी गंमत मोजण्यात आहे. फळं-भाज्यांचा एक भाग म्हणजे 80 ग्रॅम. बटाटा त्यात धरत नाहीत, तसेच याम, कसावा हे कंद आणि शिजवून खायची केळीही नाहीत. डाळी-कडधान्यं कितीही खा, दिवसाला एकच भाग. यामागची पोषणाची कारणं मला पटतात. पण एकाच पातेल्यात रटरटलेल्या कालवणातला कांदा-टोमॅटो आपल्या वाट्याला किती ग्रॅम आला, हे प्रश्नावलीत लिहिणार कसं? शिवाय राष्ट्रीय आहार पाहणीत वर्षाला माणसं घेतात साधारण हजार. त्यांत एकेका समाजाची अशी कितीशी असणार! मग निरनिराळे समाज एकाच रकान्यात कोंबले जातात, आणि पंजाबी घर व बांगलादेशातल्या सिल्हेटकडचं घर यांचं जेवण कागदावर सारखंच होऊन बसतं.

एक सूचना मात्र ताटापलीकडची आहे. ‘ड’ जीवनसत्त्व रोज 10 मायक्रोग्रॅम, हिवाळ्यात गोळीतून घेण्याचा विचार सगळ्यांनीच करावा. सावळ्या-काळ्या कातडीच्या लोकांनी मात्र बाराही महिने, कारण तिथलं ऊन त्यांना पुरत नाही. तुमचं कोणी तिकडे असेल, तर पुढच्या फोनमध्ये एवढं जरूर विचारा.